व्हिडिओ बघितला आणि माझं गाणं माझं राहिलं नाही

पत्र

ताई, मी 28 वर्षांचा, मूळचा सातारा जिल्ह्यातला, सध्या पुण्यात जॉबला आहे. दोन वर्षांपूर्वी ब्रेकअप झालं आणि तेव्हापासून अमेरिकन गायक जॉनी कॅशचं 'हर्ट' हे गाणं ऐकत आलोय. फक्त ऑडिओ, रात्री हेडफोन लावून. त्यातला माणूस म्हणजे मीच असं वाटायचं. व्हिडिओ कधी बघितलाच नव्हता. मागच्या महिन्यात रूममेटने टीव्हीवर लावला. म्हातारा झालेला कॅश, थरथरणारे हात, बंद पडलेलं म्युझियम, जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे बघणारी बायको. मला बघवेना, उठून गॅलरीत गेलो. आता गाणं लावलं की मला माझे बाबाच दिसतात. ते एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेत, हल्ली चहाचा कप धरताना हात हलतो त्यांचा. आणि माझं ब्रेकअपचं दुःख एकदम फालतू वाटायला लागलंय, एवढे दिवस कशाला रडत होतो असं. रूममेट म्हणतो हेच खरं गाणं, तुला आधी कळलंच नव्हतं. ऑफिसमधला एकजण म्हणतो ते गाणं कॅशचं नाहीच, ओरिजिनल ऐक. मी चुकीचं ऐकत होतो का? पुन्हा आधीसारखं ऐकता येईल का? आणि एक, हा व्हिडिओ बाबांना दाखवू का?

– हेडफोनवाला

उत्तर

मित्रा, तुझं पत्र वाचलं आणि आधी तो व्हिडिओ परत एकदा लावून बघितला, मग लिहायला बसले. गाणं 'हातातून गेलं' असं वाटणं ही छोटी गोष्ट नाहीये, वाईट दिवसांत माणसं ज्याला धरून बसतात त्यात गाणी खूप वरती असतात आणि ते गाणंच अनोळखी झालं तर पोकळी वाटतेच.

पहिला प्रश्न आधी घेते कारण त्याचं उत्तर अगदी सरळ आहे. नाही, तू चुकीचं ऐकत नव्हतास. ऑफिसमधल्या मित्राचं म्हणणं एवढ्यापुरतं बरोबर आहे की गाणं मुळात कॅशचं नाही. ते लिहिलंय ट्रेंट रेझनरने, त्याच्या नाइन इंच नेल्स या बँडच्या 1994 सालच्या अल्बममधलं हे शेवटचं गाणं. रेझनरचा जन्म 1965 चा, म्हणजे अल्बम आला तेव्हा तो 28 वर्षांचा होता. तुझ्याच वयाचा पोरगा रे! स्वतःचा राग आलेला, एकटा पडलेला, आपण सगळ्यांचं वाटोळं केलं असं मानून बसलेला. म्हणजे तू रात्री हेडफोन लावून त्या गाण्यात जो तरुण माणूस ऐकत होतास तो तू मनाने तयार केलेला नव्हता, तो त्या शब्दांत पहिल्यापासून बसलेलाच होता. उलट मला याचंच जास्त कौतुक वाटलं की तू सत्तरीच्या माणसाचा आवाज ऐकत होतास आणि त्याच्या आतून तुला अठ्ठावीसचा मुलगा ऐकू येत होता.

कॅशने हे गाणं रिक रुबिन या निर्मात्याच्या सांगण्यावरून घेतलं, 2002 च्या अल्बमसाठी. शब्द जवळपास तेच ठेवले, एका ठिकाणी शिवी होती तिथे काटेरी मुकुट आणला, बस. सगळा आरडाओरडा, मागचा घरघराट काढून टाकला, गिटार आणि पियानो राहिला आणि तो आवाज. आता हे बघ, म्हातारपण या रेकॉर्डिंगमध्ये तेव्हाही होतंच. श्वास अपुरा पडतो, शब्दाच्या शेवटी आवाज चिरकतो, एखादा स्वर धरून ठेवता येत नाही, हे सगळं तुझ्या हेडफोनमध्ये रोज येत होतं. तुझ्या कानाने ते वेदना म्हणून घेतलं, वय म्हणून नाही घेतलं. व्हिडिओने त्यात बाहेरून काही घातलं नाही, जे ऐकू येत होतं त्याचा चेहरा दाखवला एवढंच.

पण चेहरा दाखवणं म्हणजे 'एवढंच' नसतं, हे तुला आता कळलंय.

मला यात जे सांगायचंय ते आधी सांगून टाकते. तुला वाटतंय की तुझ्याकडे नुसतं गाणं होतं, शुद्ध, बिनचित्राचं, आणि व्हिडिओने येऊन त्यावर चित्र चिकटवलं. तसं नाहीये. तुझ्याकडे पण व्हिडिओ होता. तुझा स्वतःचा. तुझी खोली, रात्रीचा पंख्याचा आवाज, ती मुलगी, तिचा शेवटचा मेसेज, कदाचित तुम्ही जिथे भेटायचा तो चौक. गाणं सुरू झालं की हे सगळं चालू व्हायचं, फक्त ते दुसऱ्या कोणाला दिसत नव्हतं म्हणून तू त्याला व्हिडिओ म्हणत नव्हतास. मागच्या महिन्यात एका चित्रावर दुसरं चित्र आलं. आणि दुसरं चित्र फार ताकदीच्या माणसाने काढलेलं होतं, तिथे तुझं काही चुकलं नाही.

आपल्याकडे तर पिढ्यानपिढ्या लोकांनी असंच स्वतःचं चित्र काढत गाणी ऐकली. 1955 च्या रामनवमीला, 1 एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचं संगीत, वर्षभर चाललं, 56 गाणी. चित्र शून्य. त्या काळच्या लोकांशी बोल कधी, प्रत्येकाचा राम वेगळा असतो, कोणाला सीता आपल्या आईसारखी दिसलेली असते, कोणाची अयोध्या म्हणजे आपल्याच गावचा वाडा. भावगीतांचं तेच, अभंगांचं तेच. ज्यांनी रेडिओवर 'आपली आवड' ऐकत सिनेमाची गाणी पाठ केली त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी ती गाणी पडद्यावर बघितली फार उशिरा, टीव्ही आल्यावर, आणि मग 'अरे हे असं होय?' म्हणून हिरमोड. इतकं हळवं गाणं आणि हिरो झाडाला धरून उभा! हा हिरमोड मी घराघरांत बघितलाय. तिथे दिग्दर्शकाचं चित्र ऐकणाऱ्याच्या चित्रापेक्षा कमी पडायचं म्हणून लोक ते विसरून परत आपल्या चित्राकडे जायचे. तुझ्या बाबतीत उलटं झालंय. बाहेरचं चित्र तुझ्यापेक्षा जोरात निघालं, म्हणून तुला परत जाता येत नाहीये.

ते एवढं जोरात का निघालं हे थोडं सांगते, कारण ते कळलं की त्याची पकड थोडी सैल होते असा माझा अनुभव आहे.

व्हिडिओ मार्क रोमानेक या दिग्दर्शकाने केला. गंमत बघ, याच माणसाने आधी 1994 मध्ये नाइन इंच नेल्सच्याच एका गाण्याचा व्हिडिओ केला होता, म्हणजे रेझनरचं जग त्याला आतून माहिती होतं. शूटिंग टेनेसीमध्ये नॅशव्हिलजवळ हेंडरसनव्हिलला, कॅशच्या स्वतःच्या घरात आणि त्याच्या म्युझियममध्ये. ते म्युझियम बंद पडलेलं, मोडकळीला आलेलं होतं. दुसरा कोणी असता तर आधी झाडूनपुसून, रंग देऊन मग कॅमेरा लावला असता, इथे ते जसं होतं तसंच दाखवलं. समोर मेजवानी मांडलेलं टेबल, फळं, मासे, आणि तो माणूस थरथरत्या हाताने त्यावर वाइन ओततोय. मधे मधे जुनं फुटेज, तोच माणूस तरुण, धडधाकट, काळ्या कपड्यात, ट्रेनमध्ये, तुरुंगातल्या कैद्यांसमोर. आणि शेवटाकडे पियानोचा एकच स्वर जसजसा ठोकत ठोकत वाढत जातो तसतसे कट जवळ जवळ येत जातात, तरुण, म्हातारा, तरुण, म्हातारा, मधे क्रूसावरचा येशू (तो कॅशच्याच 1973 च्या सिनेमातला), तू श्वास घ्यायला थांबूच शकत नाहीस. आणि मग एकदम शांत, तो पियानोचं झाकण लावतो.

मग त्यानंतर जे घडलं ते व्हिडिओच्या बाहेरचं आहे पण आता ते व्हिडिओपासून वेगळं काढताच येत नाही. जिन्यावर उभी असलेली ती बायको, जून कार्टर कॅश, 15 मे 2003 ला गेली. कॅश स्वतः 12 सप्टेंबर 2003 ला, वयाच्या 71 व्या वर्षी. चार महिन्यांचं अंतर दोघांत. 2004 मध्ये व्हिडिओला ग्रॅमी मिळालं तेव्हा दोघंही नव्हते. ते घरही 2007 मध्ये आगीत गेलं. म्हणजे आज आपण तो व्हिडिओ लावतो तेव्हा त्यातलं माणूस, बायको, घर काहीच शिल्लक नाही हे आपल्याला माहीत असतं, आणि त्या दिवशी शूटिंग करताना हे पुढचं कोणालाच माहीत नव्हतं. नुसत्या गाण्यात हे वजन नाही. हे वजन आपण बघणारे घेऊन येतो. तू गॅलरीत उठून गेलास यात काही नाटकी नव्हतं, कोणीही उठेल.

आणि डोळ्याचं असं आहे की तो कानाला दाबतो. यावर चिया-जुंग त्साय नावाच्या संशोधक बाईंनी 2013 मध्ये एक अभ्यास छापला, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मोठ्या स्पर्धांमधल्या तीन तीन फायनलिस्टच्या क्लिप लोकांना दिल्या आणि जिंकलं कोण ओळखा म्हणाल्या. नुसता आवाज ऐकून लोकांना धड ओळखता आलं नाही, पण आवाज बंद करून नुसता व्हिडिओ बघणाऱ्यांनी जवळपास निम्म्या वेळा बरोबर ओळखलं, नुसता अंदाज मारला असता तर तीनातून एकदा बरोबर आलं असतं. आणि त्यात व्यावसायिक संगीतकारही होते, त्यांचंही तेच झालं! ज्यांचं आयुष्य कानावर चालतं त्यांनाही डोळ्याने हरवलं, मग तू आणि मी कोण.

हे फक्त रडवण्याच्या बाजूनेच होतं असं नाही. सुलोचना चव्हाणांची लावणी आधी फक्त ऐक, रेडिओवर, डोळे मिटून, काय दिसतं? फड, ढोलकी, घुंगरू, नखरा. आणि मग त्यांचं एखादं जुनं स्टेजवरचं चित्रीकरण बघ. अंगभर पदर घेतलेली एक घरंदाज बाई माइकसमोर शांत उभी, हातवारे नाहीत, मुरका नाही, आणि गळ्यातून तो ठसका येतोय. हे एकदा बघितल्यावर लावणी आधीसारखी ऐकू येतच नाही, सगळा नखरा आवाजातच होता हे कळतं आणि त्या बाईंबद्दलचा आदर दसपट होतो. तिथे चित्राने गाणं मोठं केलं.

किंवा 'मन के मंजीरे' घे. 2000 सालचं, शुभा मुद्गल गायल्या, शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनु मोइत्रांचं. नुसतं ऐकलं तर मस्त उडतं, आनंदी गाणं, सकाळी स्वयंपाक करताना लावावं असं. व्हिडिओमध्ये मीता वशिष्ठ ट्रक चालवतेय. एका खऱ्या बाईच्या गोष्टीवरून केलेला तो व्हिडिओ, नवऱ्याचा त्रास सोडून बाहेर पडलेली आणि गाडी चालवून पोट भरणारी बाई. ब्रेकथ्रू नावाच्या संस्थेने महिलांच्या हक्कांसाठी तो सगळा अल्बमच केला होता. ते टीव्हीवर बघितल्यानंतर माझ्यासाठी ते गाणं 'आनंदी' राहिलं नाही, म्हणजे आनंदी आहेच, पण तो आनंद कोणी किती मोजून मिळवलाय ते आता ऐकू येतं. मी आजही ते लावते आणि प्रत्येक वेळी स्टीअरिंग दिसतं. मला ते हवंच आहे.

आणि बिघडवलेली गाणीही आहेत. 'काँटा लगा' 1972 चं, 'समाधी' सिनेमातलं, लताबाई आणि आर. डी. बर्मन. 2002 मध्ये त्याचं रिमिक्स आलं आणि त्याचा तो व्हिडिओ, आणि नंतरच्या पिढीला विचारलं तर त्यांना मूळ गाणं माहितीच नसतं. ज्यांनी लताबाईंचं ऐकलेलं होतं त्या घरातल्या मोठ्या माणसांची चिडचिड मला तेव्हाही पटायची. मूळ गाण्यात जी खोडकर गंमत होती तिच्या जागी वेगळंच काहीतरी येऊन बसलं. तर व्हिडिओ गाणं बदलतो म्हणजे कायम खोल करतो असं मी म्हणणार नाही. तुझ्या नशिबाने तुझ्यावर जो आला तो चांगल्यातला चांगला आला.

आता रूममेटचं. 'खरं गाणं हेच, तुला आधी कळलंच नव्हतं.' हे चूक आहे, आणि असं कोणी कोणाला म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. या वादात सगळ्यात जास्त हक्काने बोलू शकेल असा माणूस म्हणजे रेझनर, ज्याने गाणं लिहिलं. त्याचं काय झालं ऐक. रुबिनने विचारलं तेव्हा त्याला जरा शंकाच होती. रेकॉर्डिंग हातात आलं, ऐकलं, आणि आपल्या अगदी खासगी गोष्टीला परक्या माणसाने हात लावावा तसं त्याला विचित्र वाटलं. नुसतं ऐकून त्याला पटलंच नाही बघ! मग व्हिडिओ आला. तो बघितला आणि डोळ्यात पाणी आलं, घशाशी दाटून आलं, आणि हे गाणं आता आपलं राहिलं नाही असं त्याला वाटलं, हे त्याने नंतर मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे तुझ्या पत्राचं जे शीर्षक मी वर दिलंय ना, तेच त्या गाण्याच्या लेखकाचं झालं, त्याच व्हिडिओने केलं.

पण पुढचं कोणी सांगत नाही. त्याने ते गाणं गायचं थांबवलं नाही. त्यानंतरही वर्षानुवर्षं नाइन इंच नेल्सच्या कॉन्सर्टमध्ये 'हर्ट' होत राहिलं, बहुतेक वेळा अगदी शेवटी, आणि समोरची हजारो माणसं त्याच्याबरोबर ते गातात. कॅशचं वजन माहीत असूनही तो स्वतःचं गातो, आणि ते खोटं वाटत नाही. एका गाण्यात अठ्ठावीसचा मुलगा आणि सत्तरीचा म्हातारा दोघं राहू शकतात. तू बाहेर काढायला निघालायस त्या मुलाला, तो जाऊ दे असं मला बिलकुल वाटत नाही.

पुन्हा आधीसारखं ऐकता येईल का? अगदी आधीसारखं नाही, ते मी खोटं सांगणार नाही, बघितलेलं न बघितलेलं करता येत नाही. पण आज जितकं चिकटलंय तितकं राहणार नाही. काही गोष्टी करून बघ. एक म्हणजे त्या व्हिडिओपासून पळू नकोस. तू तो अर्धवट बघून उठलास बहुतेक, अर्धवट बघितलेलं जास्त छळतं. एकदा दिवसाउजेडी, पोट भरलेलं असताना, पूर्ण बघ, शेवटच्या झाकणापर्यंत. मग सोड. त्याचे तुकडे, रील, 'टॉप टेन' वगैरे जे समोर येईल ते बघत बसू नकोस, तुकड्यांनी चित्र ताजं राहतं. मग काही आठवडे कॅशचं बाजूला ठेव आणि रेझनरचं ऐक, ओरिजिनल, तो कुजबुजल्यासारखं गातो, मागे सगळं खरखरतंय, आणि शेवटी अंगावर येणारा मोठा आवाज. तिथे तुला बाबा दिसणार नाहीत, तिथे तुझ्या वयाचा माणूस आहे. कदाचित तुझं ब्रेकअपचं गाणं तिकडे राहायला जाईल आणि कॅशचं गाणं बाबांचं होईल. याला मी गमावणं म्हणणार नाही, तुझ्याकडे एक होतं तिथे दोन झाली.

आणि गिटार येते का तुला? थोडीफार आली तरी चालेल. कॅशचं हे गाणं शिकणाऱ्यांचं लाडकं आहे कारण कडव्यात ए मायनर, सी, डी एवढंच फिरत राहतं आणि धृपदात जी, ए मायनर, एफ, सी. रूममेट बाहेर गेला की स्वतः म्हण. वाईट म्हटलंस तरी म्हण. दुसऱ्याचं चित्र पुसायला स्वतःच्या आवाजाइतकं काही उपयोगी पडत नाही, बोटं कुठे ठेवायची या नादात डोळ्यासमोरचं आपोआप मागे जातं.

'माझं दुःख फालतू वाटायला लागलंय' हे वाक्य मात्र मला टोचलं. म्हाताऱ्या माणसाचं सगळं संपत आलेलं बघितलं म्हणून तुझं तुटलेलं नातं फालतू ठरत नाही. ज्या शब्दांना कॅशने एवढं मोठं केलं ते शब्द एका तरुण मुलाने स्वतःच्या दुःखात बुडून लिहिले होते, त्याने 'आपलं काय एवढं' म्हणून पेन खाली ठेवलं असतं तर कॅशला गायला काय उरलं असतं? तू रडलास ते रडण्यासारखंच होतं. आणि एक गोष्ट थेट विचारते, रागावू नकोस. हे गाणं स्वतःला इजा करण्याबद्दल, स्वतःचा तिटकारा येण्याबद्दल आहे आणि तू ते बराच काळ रोज रात्री एकट्याने ऐकलंयस. फक्त गाण्यापुरतं असेल तर ठीकच. पण झोप लागत नसेल, कशात मन लागत नसेल, नको नको ते विचार येत असतील तर मला पत्र लिहून थांबू नकोस, 14416 हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, कधीही लाव. नसेल तसं काही तर उत्तम, हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

आता बाबा.

आधी गाणं सोड आणि हाताचं बघ. हात हलण्याची कारणं पुष्कळ असतात, थायरॉइडने होतं, एखाद्या गोळीने होतं, काहींच्या घराण्यातच असतं, आणि त्यातली काही औषधाने चांगली आटोक्यात येतात. तू तिकडे गेलास की त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा, बरोबर जा, बाहेर थांबून नाही. ड्रायव्हर माणूस हाताबद्दल स्वतःहून तक्रार करणार नाही, ज्या हातांवर इतकी वर्षं अख्ख्या गाडीतली माणसं भरवसा ठेवून झोपायची ते हात हलतात हे तोंडाने म्हणणं त्यांना जड जात असेल.

आणि व्हिडिओ दाखवू का? नको. माझं स्पष्ट मत आहे, नको. तुझा हेतू चांगला आहे, तुला बहुतेक त्यांना सांगायचंय की बाबा मला तुमची काळजी वाटते आणि ते तोंडाने बोलता येत नाहीये म्हणून चार मिनिटांचा व्हिडिओ पुढे करायचाय. पण त्यांच्या जागी बसून बघ. मुलगा पुण्याहून येतो, मोबाइल पुढे धरतो, त्यात एक थकलेला माणूस, पडकं म्युझियम, शेवट जवळ आलाय हे प्रत्येक फ्रेममध्ये दिसतंय, आणि मुलगा म्हणतो हे बघून मला तुमची आठवण आली. काय कळेल त्यांना? माझा मुलगा मला असा बघतो, संपत आलेला. कॅशने स्वतःला तसं दाखवायला स्वतः होकार दिला होता, स्वतःच्या खुर्चीत स्वतःच्या मर्जीने बसला होता तो कॅमेऱ्यासमोर. तुझ्या बाबांना कोणी विचारलंय? ते रिटायर झालेत, एवढंच झालंय. त्यांच्या डोक्यात त्यांचा स्वतःचा जो व्हिडिओ चालू असेल त्यात ते कदाचित अजूनही घाटात गाडी काढतायत.

तेव्हा दाखवण्यापेक्षा विचार. मुक्कामी गाडी घेऊन एखाद्या गावात जायचे तेव्हा रात्री काय ऐकायचे, कोणाचा रेडिओ असायचा, कंडक्टर कोणती गाणी म्हणायचा, रातराणीला झोप येऊ नये म्हणून मनातल्या मनात काय गुणगुणायचे. एकदम सांगणार नाहीत, 'कसलं गाणं नि काय' म्हणतील, तू दुसऱ्या दिवशी परत विचार. एखादं नाव निघालं की तिथल्या तिथे मोबाइलवर शोधून लाव, स्क्रीन पालथी ठेवून, नुसतं ऐकू दे त्यांना. ते गाणं सिनेमातलं असेल तर पडद्यावरचं चित्र तू नंतर कधीतरी बघ, आधी त्यांना विचारून घे की त्यांना त्यात काय दिसतं.